पुढचं कुत्रं भुंकलं म्हणून

एका शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता : ‘परंपरा आणि मी’. नववीतली एक मुलगी उभी राहिली, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, कडक इस्त्रीचा गणवेश, आणि पहिल्या वाक्यालाच तिने सगळा वर्ग ताब्यात घेतला. रूढींच्या बेड्या, पिढ्यान्‌पिढ्यांचं जोखड, प्रश्न विचारण्याचं धाडस. मूठ नेमक्या जागी वळत होती, आवाज नेमक्या जागी चढत होता. मध्येच एक वाक्य निसटलं. तिने छताकडे पाहिलं, ओठ हलवले आणि आख्खा परिच्छेद पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केला. त्या ओघात निसटलेली ओळ आपोआप सापडली. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी ती समोर आली तेव्हा मी विचारलं, ‘‘यातल्या कुठल्या गोष्टीचा तुला स्वतःला राग येतो गं?’’ तिने शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नुसती हसली. बाई कौतुकाने म्हणाल्या, ‘‘मॅडम, परंपरेच्या बाजूने बोलला ना तो मुलगा, त्याचंही भाषण मीच लिहून दिलंय.’’

ते हसू बरेच दिवस मनातून जाईना. मुलीचा दोष नव्हता, बाईंचाही म्हणवत नाही; शाळा अशाच चालतात. पण त्या सुमाराला मी ली झी या चिनी लेखकाचं लेखन इंग्रजी अनुवादातून वाचत होते, आणि नेमकं तेच हसू मला तिथे भेटलं. ली झीने स्वतःबद्दल लिहिलंय : लहानपणापासून मी ऋषीची (म्हणजे कन्फ्यूशियसची) वचनं वाचत आलो, पण ती मला कळली नव्हती, कन्फ्यूशियसला मान देत आलो, पण त्याच्यात मान देण्याजोगं काय आहे ते ठाऊक नव्हतं. गर्दीच्या मागे उभा राहून नाटक बघणाऱ्या बुटक्यासारखा मी, पुढचे वाहवा म्हणाले की मीही वाहवा म्हणायचो. पन्नाशीपर्यंत मी खरोखर एक कुत्राच होतो. पुढचं कुत्रं सावली बघून भुंकलं, म्हणून मीही भुंकलो. आणि का भुंकलास असं कुणी विचारलं असतं, तर मुकाट्याने हसण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कन्फ्यूशियसच्या मागे अडीच हजार वर्षांत त्याचे टीकाकार काही कमी झाले नाहीत. मोत्झ झाला, च्वांग्झ झाला, आणि विसाव्या शतकात तर रांगच लागली. त्या सगळ्यांत मला ली झी जवळचा वाटतो, कारण त्याने पहिला धोंडा स्वतःवर मारला.

तो १५२७ साली फूच्येन किनाऱ्यावरच्या च्वानचौ बंदरात जन्मला. घराण्यात व्यापारी होते, मुस्लिम नातेसंबंध होते. बंदराच्या गावाला असते तशी अनेक देशांची हवा त्या गावाला होती. पण शिकायचं म्हणजे एकच वाट. १३१३ साली युआन दरबाराने सरकारी परीक्षेसाठी चू शी या पंडिताचं कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरचं भाष्य प्रमाण ठरवलं, आणि पुढे १९०५मध्ये ती परीक्षाच बंद होईपर्यंत, जवळजवळ सहाशे वर्षं, बुद्धिमान चिनी मुलाचं तरुणपण त्या भाष्याच्या पाठांतरात गेलं. ली झीला चू शी मनापासून कधी पटला नाही, त्यामुळे पाठही होईना. शेवटी त्याने ठरवलं की हा निव्वळ खेळ आहे. परीक्षकाला तरी ऋषीच्या मनातलं कुठे कळतंय? त्याने चलतीतल्या नमुना निबंधांतले ताजे, चटपटीत निबंध निवडले, रोज थोडे थोडे करत पाचशे पाठ केले. प्रांतिक परीक्षेला अरुंद खोपट्यांच्या रांगा असत. आत दोन फळ्या, त्यावरच लिहायचं, त्यावरच अंग टाकायचं. त्यात बसून, प्रश्न हाती आल्यावर, नकलनवीस उतरवतो तसं त्याने आठवणीतलं उतरवून दिलं आणि १५५२मध्ये तो वरच्या क्रमांकाने पास झाला. हे सगळं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. आपणही ‘पावसाळ्यातील एक दिवस’ गाइडातून घोकून मार्क मिळवलेले आहेत. त्या दिवशी पाऊस पडत होता की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. फरक एवढाच की तिकडे त्या पाठांतरावर साम्राज्य चालायचं. न्यायनिवाडा, करवसुली, कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात जाणार, सगळं त्या खोपट्यांतून पास होऊन बाहेर पडलेल्यांच्या हातात.

कालव्याच्या पाण्यापाशी मी मुद्दाम थांबते.

ली झीचे वडील वारले, मग आजोबा. कुणी वारलं की नोकरी सोडून गावी यायचं, सुतक पाळायचं, हा नियम. त्याशिवाय त्याच्या पणजोबा-पणजीचे देह पन्नासहून अधिक वर्षं पुरायचे राहिले होते, कारण योग्य जागा विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि जागेबद्दलचा रिवाज मोडून पुरलं तर लोक कुपुत्र म्हणणार. १५६४मध्ये आजोबांच्या निधनानंतर मित्रांनी थोडी रक्कम जमवून दिली. तेव्हा त्याचं बिऱ्हाड उत्तरेत होतं. त्याने ठरवलं की अर्ध्या पैशात बायकोमुलींसाठी हनान प्रांतात हुईश्यानला थोडी शेती घ्यायची, त्यांना तिथे ठेवायचं, आणि उरलेल्या पैशात च्वानचौला जाऊन तीन पिढ्यांचं ऋण फेडून यायचं. बायको, हुआंग, म्हणाली की माझी आई तरुणपणी विधवा झाली, माझ्या काळजीने रडून रडून तिचे डोळे गेलेत. मी नाही गेले तर ती मरेल. बोलताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याने चेहरा कडक ठेवला आणि तिच्याकडे बघितलं नाही. मग तिनेच डोळे पुसले आणि सांगितलं, आईला म्हणावं मी सुखात आहे.

तो गेल्यावर दुष्काळ पडला. खरं तर जायच्या आधीच पाण्याची गोष्ट होऊन गेली होती. तिथल्या एका पैसेखाऊ अधिकाऱ्याने झऱ्यांचं सगळं पाणी मालवाहतुकीच्या कालव्याकडे वळवलं आणि शेतांना थेंब सोडायचा नाही असा हुकूम काढला. ली झी जाऊन भेटला, गावासाठी विनवण्या केल्या, काही झालं नाही. स्वतःच्या चार तुकड्यांपुरतं मागितलं असतं तर मिळालं असतं. पण आख्ख्या तालुक्याची जमीन करपताना माझ्या बांधात पाणी खेळवू? दिलं तरी घेणार नाही, मागणं दूरच, असं म्हणून तो निघाला. हे वाचताना मला त्याचा फार अभिमान वाटला. पुढच्या काही ओळींत कळतं की शेतात जेमतेम काही पायली धान्य झालं. थोरली मुलगी हालांना सरावलेली, ती रानटी बी भातासारखं खायची. धाकट्या दोघींच्या घशाखाली ते उतरेना. एकीमागून एक दोघी गेल्या.

त्याच दिवसांत एक म्हातारी हुआंगकडे आली. म्हणाली, उपाशी लोकांसाठी सरकारने दंग नावाचा अधिकारी पाठवलाय, तो तुझ्या नवऱ्याचा जुना स्नेही आहे म्हणे, एकदा निरोप तर पाठव. हुआंगने उत्तर दिलं :

बायकांनी बाहेरच्या गोष्टींत पडायचं नसतं.

स्नेही असेल तर मागण्याची वाट बघणार नाही, असंही ती म्हणाली. कन्फ्यूशियसच्या शिकवणीचं समाजातलं स्थान काय, यावर मी पुष्कळ वाचलंय. पण हुआंगच्या त्या एका वाक्याइतकं मला कशानेच कळलं नाही. तिला कुणी दरडावलं नव्हतं. दारात पहारा नव्हता, नवरा हजार मैल दूर होता. तिने नियम आईकडून, आईने तिच्या आईकडून घेतलेला, आणि घरात उपासमार असतानाही तो जिभेवर आपसूक आला. आणि तरी गोष्ट इथे संपत नाही, म्हणून ती मला छळते. दंग खरोखरच न मागता धावून आला. स्वतःच्या पगारातून चांदी पाठवली, सहकाऱ्यांनाही लिहिलं. मित्राच्या बायकोमुलांची जबाबदारी आपली, हेही त्याच शिकवणीने त्याला दिलं होतं. त्यातल्या अर्ध्या पैशात हुआंगने धान्य घेतलं, अर्ध्यात कापूस. सूत काढून, कापड विणून तीन वर्षं घर चालवलं. सूचोमध्ये फान चुंगयेन याने सुमारे १०५० साली आपल्या कुळासाठी जमीन दान करून ठेवली होती. तिच्या उत्पन्नातून कुळातल्या गरिबांना तांदूळ, कापड, लग्नाचा आणि अंत्यविधीचा खर्च मिळायचा, आणि ती व्यवस्था शतकानुशतकं टिकली. ज्या देशात दुष्काळात दुसरा कुठला आधार नाही तिथे अशा कर्तव्यबुद्धीला नुसतं जोखड म्हणून मला पुढे जाता येत नाही. जिने हुआंगचं तोंड बांधलं, तिनेच दंगचा हात सैल केला.

तीन वर्षांनी ली झी परतला. पुरण्याचं काम पार पडलं होतं, मन हलकं होतं. दारात बायकोला बघून आनंद झाला, धाकट्या दोघींबद्दल विचारलं, तेव्हा कळलं. हुआंगचे डोळे भरले होते. पण त्याचा चेहरा उतरलेला पाहून तिने रीतसर वाकून आधी पुरण्याचं सगळं नीट झालं का ते विचारलं, मग आई कशी आहे ते. त्या रात्री दोघं दिवा लावून समोरासमोर बसली. सगळं स्वप्नासारखं वाटत होतं, असं तो सांगतो. बायकोचा जीव किती खरा होता आणि आपण मुद्दाम कठोर राहिलो, हे तेव्हा उमगलं, असंही सांगतो. हा सगळा वृत्तांत त्याने तिऱ्हाइताच्या तोंडून लिहिलाय. मला वाटतं, ‘मी’ म्हणून त्याला ते लिहिता आलं नसतं.

यानंतर तो आणखी बरीच वर्षं नोकरी करत राहिला. विचारवंतांच्या चरित्रात आपल्याला साक्षात्काराचा एक क्षण हवा असतो, त्याच्या आयुष्यात तो सापडत नाही. जिथे नेमणूक झाली तिथे वरिष्ठांशी खटके उडाले. शेवटी युन्नानमधल्या याओआनचं पद सांभाळून १५८०च्या सुमाराला त्याने राजीनामा दिला. पण निवृत्त माणसाने गावी परतून कुळात बसायचं, तेही त्याने केलं नाही. गावी गेलो की पुन्हा स्थानिक अधिकाऱ्याला सलाम, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली. जन्मल्यापासून आपलं शरीर दुसऱ्याच्याच ताब्यात, लहानपणी गुरुजींच्या, मोठेपणी साहेबाच्या, मेल्यावरही जागा दुसराच ठरवणार, अशी त्याची तक्रार होती. तो हूपै प्रांतात गंग बंधूंकडे राहिला. धाकटा गंग जिवाभावाचा मित्र, तो १५८४मध्ये गेला. थोरला, गंग दिंगश्यांग, दरबारात वजन असलेला प्रतिष्ठित कन्फ्यूशियन. हो शिनयिन हा बंडखोर शिक्षक १५७९मध्ये वूचांगच्या तुरुंगात मारला गेला तेव्हा ओळखी असूनही हा थोरला गंग गप्प बसला, हे ली झीला विसरता आलं नाही.

दोघांमधली पत्रं हा त्याच्या लेखनातला सगळ्यात धारदार भाग. तो गंगला लिहितो, तुम्ही आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत करतो काय? पोटासाठी जमीन कसतो, निवाऱ्यासाठी घर बांधतो, पास होण्यासाठी वाचतो, मानासाठी पदं घेतो. त्यात दुसऱ्यासाठी म्हणून तसूभर नसतं. आणि ज्ञानावर बोलायला तोंड उघडलं की लगेच, तू स्वार्थी, मी परोपकारी! त्यापेक्षा बाजारातला साधा माणूस बरा. धंदा करणारा धंद्याबद्दल बोलतो, शेतकरी शेतीबद्दल. त्यांच्या बोलण्याला चव असते, ऐकताना कंटाळा येत नाही. आणखी एका पत्रात त्याचं ते गाजलेलं म्हणणं आहे. प्रत्येक माणूस स्वतःचा उपयोग घेऊन जन्माला येतो. कन्फ्यूशियसकडून घेतल्याशिवाय माणूस पुरा होत नसेल, तर कन्फ्यूशियसच्या आधी हजारो वर्षं माणसं माणसं नव्हती का?

पुढे माचंगजवळ एका तळ्याकाठच्या विहारात तो राहिला. १५८८मध्ये डोकं भादरलं. दाढी मात्र ठेवली. झाडलोटीचं त्याला इतकं वेड की खराटे बांधणारी माणसं कमी पडायची. पाहुणा नावडता असला तर दूर बसवायचा. माणूस सोपा नव्हता. तिथून १५९०मध्ये ‘जाळायचं पुस्तक’ आलं, आणि १५९९मध्ये इतिहासातल्या माणसांचा नव्याने निवाडा करणारं ‘लपवायचं पुस्तक’. एका प्रतिष्ठित अधिकाऱ्याची विधवा मुलगी त्याच्याशी धर्मचर्चा करायची, त्यावरून गावात कुजबुज. बायकांना दूरचं दिसत नाही, त्या ज्ञानमार्गाला लायक नाहीत, असं कुणी लिहिलं तेव्हा त्याने उत्तर दिलं, माणसांत बाई-पुरुष असतात हे ठीक. पण दृष्टीत बाई-पुरुष कसे असतील? दृष्टी लांबची-आखूड असते हेही ठीक; पण पुरुषांची सगळी लांबची आणि बायकांची सगळी आखूड, हे कसं? हे वाचताना मला हुआंगचं ‘बायकांनी बाहेरच्या गोष्टींत पडायचं नसतं’ ऐकू येत राहिलं. त्यालाही येत असावं, असं मानायला मला आवडतं.

त्याच बुद्धविहारात त्याने कन्फ्यूशियसची तसबीर लावली होती. खाली मजकूर लिहिला : सगळे त्याला महान ऋषी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना तरी खरं कुठे ठाऊक आहे? बाप-गुरूंकडून ऐकलं म्हणून. बाप-गुरूंनी जुन्या पंडितांकडून ऐकलं म्हणून. हजार वर्षं एकच सूर, आणि आपण सुरात सूर मिसळतोय हे कुणाला कळतही नाही. मला स्वतःचे डोळे आहेत असं म्हणणारा मी कोण? मीही लोकांमागून त्याची पूजा करतो. या मजकुराला उपरोध म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्याला कन्फ्यूशियसचा द्वेष नव्हता. १५९९मध्ये नानचिंगला तो मातेओ रिची या इटालियन जेझुइट धर्मप्रसारकाला भेटला, त्याच्या विद्वत्तेवर खूश झाला, त्याला कविता लिहून दिली. एका मित्राला मात्र त्याने कळवलं की हा इथे कशासाठी आलाय ते समजत नाही. आपल्या विद्येने कन्फ्यूशियसची विद्या बदलून टाकायचा विचार असेल तर तो फारच मूर्खपणा होईल, तसं नसावं. एकाची तसबीर काढून दुसऱ्याची टांगण्यात त्याला रस नव्हता. बघणाऱ्याने डोळे उघडावेत, एवढंच त्याचं मागणं.

१६००च्या हिवाळ्यात माचंगचा विहार जाळला गेला. मा चिंगलुन या मित्राने त्याला पेचिंगजवळ (म्हणजे बीजिंगजवळ) थुंगचौला आपल्या घरी नेलं. १६०२मध्ये चांग वनदा या अधिकाऱ्याने बादशहाकडे तक्रार केली. आरोप असे : चीनच्या पहिल्या सम्राटाला थोर म्हणतो, नवरा स्वतः निवडून पळून गेलेल्या विधवेला शहाणी म्हणतो, कन्फ्यूशियसचे निर्णय प्रमाण मानत नाही, भल्या घरच्या बायकांना विहारात बोलावतो. शिपाई आले तेव्हा तो आजारी होता. मित्राचा धाकटा भाऊ असलेल्या युआन चुंगदाव याने त्याचं चरित्र लिहिलंय, त्यात आहे की गलबला ऐकून तो उठला, चार पावलं चालला आणि ओरडला, माझ्यासाठीच आलेत, दाराची फळी आणा! त्या फळीवर आडवा होऊन म्हणाला, चला लवकर, गुन्हेगाराने रेंगाळू नये. चौकशीत विचारलं, असली पुस्तकं का लिहिलीस? त्याने सांगितलं, पुष्कळ लिहिली, सगळी समोर आहेत. ऋषीच्या शिकवणीला त्यांचा फायदाच आहे, तोटा नाही. हे सुटकेसाठी म्हटलेलं नाही, असं मला ठाम वाटतं. तुरुंगात त्याने डोकं भादरायला माणूस बोलावला, वस्तरा हिसकला आणि स्वतःच्या गळ्यावर ओढला. दोन दिवस जीव गेला नाही. दुखतंय का, असं विचारल्यावर त्याने बोटाने हातावर लिहिलं, नाही दुखत. का केलंत हे? त्यावर लिहिलं, सत्तरीच्या म्हाताऱ्याला आता काय हवं असणार?

पुस्तकं जाळण्याचा हुकूम निघाला. १६२५मध्ये पुन्हा निघाला. लोक वाचत राहिले, इतके की पुस्तकविक्रेते भलतीच पुस्तकं त्याच्या नावावर खपवू लागले. १९१८मध्ये कथाकार लू शुनच्या कथेतल्या वेड्याला पानोपानी नीतिधर्म लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात ओळींच्या मधून ‘माणसं खा’ असं लिहिलेलं दिसलं, त्याच काळात वू यू या विचारवंताने ली झीला धुळीतून वर काढला. तिथपर्यंत मला सगळं समजतं. पण मग १९६६च्या नोव्हेंबरात माओच्या सांस्कृतिक क्रांतीतले रेड गार्ड कन्फ्यूशियसच्या गावी, छुफूला पोचले आणि कन्फ्यूशियसच्या वंशजांच्या कबरी उकरल्या गेल्या. १९७४मध्ये माओचा बदनाम झालेला सेनापती लिन पियाव आणि कन्फ्यूशियस यांच्यावर एकदमच टीका करण्याची मोहीम निघाली, आणि ली झीला कन्फ्यूशियसविरोधी वीर म्हणून पुढे करण्यात आलं. कारखान्यांत, कम्यूनमध्ये, शाळांत माणसं ओळीने बसून ठरलेल्या शब्दांत त्याच्या नावाने कन्फ्यूशियसचा धिक्कार करत होती. पुढचं भुंकलं म्हणून मागचं. आणि २०११च्या जानेवारीत तिआनआनमेन चौकालगत साडेनऊ मीटर उंच कन्फ्यूशियस ब्राँझमध्ये उभा राहिला, एप्रिलमधल्या एका रात्रीत हलवलाही गेला. आणताना लोकांना विचारलं नव्हतं, नेतानाही नाही.

१९७४च्या त्या वीराच्या साच्यात ली झीचं एक पत्र बसत नाही. विहारातल्या दिवसांत बायको आणि मुलगी गावी जायचं म्हणाल्या, तेव्हा त्याने त्यांना पाठवून दिलं, स्वतः गेला नाही. १५८८मध्ये हुआंग च्वानचौला वारली. बातमी आल्यावर त्याने जावयाला लिहिलं की त्या दिवसापासून ती स्वप्नात आली नाही अशी एक रात्र गेली नाही. चाळीस वर्षांची सवय, तिचे कष्ट, तिची काटकसर. हे पत्र तुझ्या सासूच्या नावाने जाळ म्हणजे तिला पोचेल, असं तो सांगतो, आणि तिच्यासाठी निरोप देतो : पुन्हा जन्म घ्यायच्या मोहात पडू नकोस, स्वर्गातल्या मानपानात मला विसरू नकोस, माझी वेळ आली की मला घ्यायला ये. जाळायला सांगितलेलं ते पत्र त्याच्या ‘जाळायच्या पुस्तका’त छापलेलं आहे. इतकं उघडं, इतकं स्वतःच्या तोंडचं त्याने दुसरं काही लिहिलं नसेल. आणि तरी ते वाचताना मला दर वेळी तिच्या बाजूने राग येतो. हुईश्यानच्या वेळी तिने एकच गोष्ट मागितली होती, आईपाशी जायचं. ते त्याने दिलं नाही. इथेही मागणारा तोच आहे.